पांढऱ्या पेशीच्या पोटातला काळा ठिपका: कुणाला खायचं हे तिला कळतं कसं?

हळदीचा_हिशोब (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडतीवर जमाखर्च बघतो. विज्ञानाशी संबंध दहावीपर्यंतचा, तोही काठावर पास होण्यापुरता. तेव्हा सांभाळून घ्या.

मुलगा मुंबईला हॉस्टेलवर असतो. दिवाळीला घरी आला तो कुडकुडतच. तीन चादरी, वर घोंगडी, तरी दात वाजत होते. दुसऱ्या दिवशी एकदम ठणठणीत, गल्लीत क्रिकेट खेळून आला. तिसऱ्या दिवशी दुपारी परत तेच. माझ्या आईनं लांबूनच निदान केलं, "एकांतरा आहे हा. पोट चाचपून बघा, पानथरी वाढली असंल." (पानथरी म्हणजे प्लीहा.) रक्त तपासलं तर मलेरिया, व्हायव्हॅक्स जातीचा. औषधं चालू आहेत, पोरगं आता जेवायलाही लागलंय, त्यामुळे वैद्यकीय सल्ला नकोय.

माझा प्रश्न वेगळाच आहे. लॅबवाला माझा शाळासोबती. म्हणाला, बघायचंय का? मी डोळा लावला. सगळीकडे फिकट गुलाबी तांबड्या पेशी, मधे दाबलेल्या कंदी पेढ्यासारख्या. एकीत छोटी निळसर अंगठी, तिला लाल खडा. "हा परजीवी," तो म्हणाला. मग त्यानं पट्टी जरा सरकवली. एक मोठी थोरली पेशी, आत घेवड्याच्या बीच्या आकाराचं जांभळं काहीतरी, आणि त्याच्या शेजारी काळपट तपकिरी ठिपका. फोडणीत करपलेल्या मोहरीसारखा. "ही पांढरी पेशी. हिनं गिळलाय बघ." तेवढ्यात बाहेर गर्दी झाली आणि मला उठावं लागलं.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. चोर तर आपल्याच तांबड्या पेशीच्या आत बसलेला. बाहेरून सगळ्या पेशी सारख्या. आम्ही हळदीच्या पोत्यात लोखंडी नळी खुपसून नमुना काढतो, हळकुंड मोडून आतला रंग बघतो, तेव्हा कुठं माल कळतो. या पेशीला ना डोळे, ना नाक, ना नळी. मग तिला कळलं कसं? आणि तो ठिपका म्हणजे तो चोरच का?

---

भडंगवाला | रात्री १०:२०

पहिला! विषयातलं शून्य कळतं. लोक पॉपकॉर्न घेऊन बसतात, आम्ही सांगलीकर भडंग घेऊन बसलोय. चालू द्या.

---

अजिंक्यतारा_पायथा | रात्री १०:३१

कंदी पेढ्याची उपमा सांगलीकरानं वापरल्याबद्दल साताऱ्यातर्फे निषेध. रॉयल्टी पाठवा. (हलकं घ्या)

बाकी प्रश्न एक नंबर. वाचनखूण साठवली.

---

स्लाईडवाली | रात्री ११:०५

धागाकर्ते, मी मिरजेत पॅथॉलॉजीत आहे, आयुष्य असल्या काचपट्ट्यांवर चाललंय. घेवड्याच्या बीसारखं केंद्रक म्हणालात म्हणजे तुम्ही मोनोसाइट पाहिलीत. हीच रक्तातून बाहेर पडून अवयवांत जाऊन बसली की मॅक्रोफेज होते. ठिपक्याचं नंतर सांगते, आधी "कळतं कसं" ते.

पेशीला डोळे नाहीत, पण ती चाचपते. तिच्या अंगभर रिसेप्टर असतात, म्हणजे प्रथिनांचे हात समजा. प्रत्येक हात एका ठरावीक आकारालाच अडकतो. तुम्ही म्हणता बाहेरून सगळ्या तांबड्या पेशी सारख्या, तिथंच गंमत आहे. आत परजीवी शिरला की साल तशीच राहत नाही. तो आतलं हिमोग्लोबिन खातो, स्वतःची प्रथिनं तयार करून पेशीच्या सालीत नेऊन बसवतो. काही जातींत, विशेषतः फाल्सिपेरम या मलेरियाच्या दुसऱ्या जातीत, पेशी ताठर होते. सालीच्या आतल्या अंगाला असायला हवी अशी एक चरबी, फॉस्फॅटिडिलसेरीन, बाहेरच्या अंगाला येते. मॅक्रोफेजच्या हाताला ती लागली की संशय सुरू.

हे काम तिला नवीन नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. दर सेकंदाला आपल्या अंगात वीसेक लाख म्हाताऱ्या पेशी मोडीत निघतात, आणि त्या बहुतेक मॅक्रोफेजच गिळतात. निरोगी पेशीच्या सालीवर सीडी४७ नावाचं प्रथिन असतं. ते म्हणजे "घरचीच आहे, हात लावू नको" अशी पाटी. मॅक्रोफेज दोन्ही चाचपते, संशयाच्या खुणा किती आणि पाटी शाबूत आहे का. मग तोंड उघडायचं की नाही ते ठरतं.

हे झालं अंदाजाचं खाणं. खरी चव येते अँटीबॉडीनं. परजीवीच्या प्रथिनांना अँटीबॉडी चिकटली की तिचं शेपूट बाहेर लोंबतं, आणि मॅक्रोफेजकडे नेमकं ते शेपूट धरणारे रिसेप्टर असतात. काँप्लिमेंट नावाची रक्तातली प्रथिनंही अशीच सालीला चिकटून खूण करतात. १९०३ मध्ये लंडनला आल्मरोथ राइट आणि स्टुअर्ट डग्लस यांनी या खाणं सोपं करणाऱ्या पदार्थांना "ऑप्सोनिन" नाव दिलं. ग्रीक भाषेत "ऑप्सॉन" म्हणजे भाकरीबरोबरचं तोंडीलावणं. तर तुमच्या प्रश्नाचं एका ओळीत उत्तर: ठेचा लावलेला असेल तर भाकरी पटकन खाल्ली जाते.

---

भडंगवाला | रात्री ११:०९

आता कळलं. भडंगावर कांदा-लिंबू.

---

तिखटजाळ | सोमवार, सकाळी ७:४८

स्लाईडवालीताई, कळवणं सुंदर, पण "संशय", "ठरवते" हे शब्द खटकले. पेशी काही ठरवत नाही. तिला चोर-पोलीस माहीत नाही. कुलपात किल्ली बसली की दार उघडतं, दाराला मालक ओळखू येत नसतो. आपण गोष्ट सांगायच्या नादात पेशीला हवालदार करून टाकतो आणि मग लोक विचारतात, "हवालदार झोपला होता का?"

---

स्लाईडवाली | सकाळी ८:१५

मान्य. पण एका कुलपाचं दार नाही हो ते. वीस-पंचवीस कुलपं एकाच वेळी, काही उघडणारी, काही घट्ट करणारी, आणि सगळ्यांची गोळाबेरीज. त्याला मी "ठरवणं" म्हटलं. तुम्ही "गोळाबेरीज" म्हणा. धागाकर्ते जमाखर्चातलेच आहेत, त्यांना तोच शब्द बरा.

---

उंडा_आणि_पारी | सकाळी ९:३०

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. ओळखण्याचं झालं, गिळण्याचं मी सांगते, कारण ते मी पुरणपोळी करतानाच शिकवायचे.

पेशी तोंड उघडून गपकन गिळत नाही, तिला तोंडच नाही. ती अंगच पुढे काढते. पुरणाचा गोळा हातात घेऊन पारी सगळीकडून वर चढवत नेतो ना, तसं. सालीच्या आतल्या बाजूला ॲक्टिन नावाचे धागे भराभर जोडले जातात, ते साल पुढे ढकलतात. पारी चढते ती रिसेप्टरला पुढची खूण सापडेल तसतशी, इंचाइंचानं (इंच कसला, मायक्रॉनच्या अंशांनी!). वर टोकं मिळाली की पारी मिटली. आता उंडा पेशीच्या आत, स्वतःच्या पिशवीत. त्या पिशवीला आतल्या दुसऱ्या पिशव्या येऊन मिळतात, त्यांत आम्ल आणि पाचक विकरं. शिवाय ऑक्सिजनपासून तयार केलेली जहरं.

पारी खुणेखुणेनंच चढते याचा एक फार देखणा पुरावा आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत काही संशोधकांनी पेशींवरच्या अँटीबॉडी एकाच टोकाला गोळा करून ठेवल्या, दुसरी बाजू कोरी. मॅक्रोफेज त्यांना चिकटल्या, अर्ध्यापर्यंत चढल्या आणि थांबल्या. सगळीकडून सारख्या माखलेल्या पेशी मात्र गट्टम. पुरण एका बाजूला उघडं राहिलं तर पोळी लाटत नाही आपण.

---

नाव_नको | सकाळी १०:०२

हे सगळं वाचून वाटतं, इम्युनिटी वाढवली की झालं. आमच्याकडं रोज गुळवेलीचा काढा. पपईच्या पानाचा रस. औषधाची गरजच पडली नाही.

---

तिखटजाळ | सकाळी १०:०९

आलेच. मलेरिया झाला होता का तुम्हाला?

---

नाव_नको | सकाळी १०:११

नाही.

---

तिखटजाळ | सकाळी १०:१२

मग बरोबर, औषधाची गरज पडणार नाहीच.

---

स्लाईडवाली | दुपारी १:४०

भांडू नका. पण "वाढवणं" हा शब्द मलेरियात फसवा आहे. व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम दोन्ही साधारण ४८ तासांनी तांबड्या पेशी फोडून बाहेर येतात. सगळे एका वेळी फुटले की भक्षकपेशी एकदम खवळतात, त्यांनी सोडलेल्या रसायनांनी ती थंडी वाजते, ताप चढतो. धागाकर्त्यांच्या आईंचा "एकांतरा" तोच. म्हणजे ताप हा आपल्याच फौजेचा धुरळा. ती जास्त खवळली तर रुग्णाचंच नुकसान होतं. काढ्याच्या नादात रक्त तपासायला आठवडा लावलेली माणसं मी बघते, त्यांचं मला वाईट वाटतं.

---

येरळाकाठ | दुपारी २:२५

आमच्या गावात पूर्वी आरोग्यसेवक घरोघरी येऊन बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचा, भिंतीवर गेरूनं तारीख लिहून जायचा. पोरं त्याला बघून उसात पळायची. मीही. आणि एका ठिकाणच्या लॅबनं (नाव घेत नाही) मला दोनदा "निगेटिव्ह" दिलं होतं, तिसऱ्यांदा ताप भरात असताना रक्त दिलं तेव्हा सापडला. असं का होतं?

---

स्लाईडवाली | दुपारी २:५०

रक्तात परजीवी कमी असले तर पातळ थरात हुकतात. म्हणून जाड थराचीही पट्टी करायची असते, ताप उतरला तरी दुसऱ्या दिवशी परत बघायचं असतं. आणि कंटाळा न करता शंभर-दोनशे फील्ड (सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारा भाग) बघायची असतात. शेवटचं सगळ्यात अवघड.

---

गोठ्यातला_डॉक्टर | दुपारी ४:१८

माणसांचे डॉक्टर बोलून झाले असतील तर जनावरांचं ऐका. आटपाडी-खानापूर भागात माझी गुरांची प्रॅक्टिस. एचएफ किंवा जर्सी संकरित गाय, ताप १०५-१०६, चारा बंद, दूध आटलं, डोळे फिके. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजलेली. कानाच्या शिरेतून थेंब काढून पट्टी केली की थायलेरिया. हाही परजीवीच, गोचिडीनं येतो.

धागाकर्ते विचारतात पांढरी पेशी चोराला कशी खाते. थायलेरिया म्हणतो, मला खायची गरजच नाही, मीच येतो. तो पांढऱ्या पेशीतच शिरतो, आत शिरल्यावर भोवतीची पिशवी विरघळवून टाकतो आणि त्या पेशीला सतत विभागायला लावतो, कर्करोगासारखं. पेशी दोन झाल्या की हाही वाटून दोन. चोरानं चौकीत घुसून वर हवालदारांची भरती काढली! ती सुजलेली गाठ म्हणजे ही भरती. देशी जनावराला, आमच्या खिलाराला, एवढा त्रास होत नाही. तो शेतकऱ्याला परवडेल का, ही वेगळी गोष्ट, खिलार दूध किती देतं ते सांगायला नको. बुपारव्हाक्वोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर गाय वाचते. लसही आहे, अशाच पछाडलेल्या पेशी प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवून परजीवी दुबळा करून बनवलेली.

अवांतर: घोडा-उंटांना सरा नावाचा रोग होतो, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या परजीवीनं. रक्तात मोकळाच पोहतो, पेशीत लपत नाही. अंगावरचा कोट सारखा बदलतो, त्यामुळे अँटीबॉडी तयार होईस्तोवर पाहुणा कपडे बदलून मोकळा. माणसाला सहसा होत नाही, कारण आपल्या रक्तात एपीओएल१ नावाचं प्रथिन त्याला भोकं पाडून मारतं. पण २००४ मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला झाला. तपासलं तर त्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हतं, दोन्ही जनुकं बिघडलेली. औषधानं बरा झाला.

---

अजिंक्यतारा_पायथा | दुपारी ४:४०

डॉक्टर, दंडवत. "हवालदारांची भरती" वाचून ऑफिसात चहा सांडला.

---

तिखटजाळ | दुपारी ४:४४

परत हवालदार! मी हरलो.

---

हायवे_टच | रात्री ८:५५

इथं लिहू की नको करत होतो. माझ्या धाकट्या भावाची पानथरी काढलीय. पाच वर्षांपूर्वी पेठनाक्याजवळ दुचाकी घसरली, पोटाला हँडल लागलं, आत रक्तस्राव. प्लीहा काढली तेव्हाच जीव वाचला. डॉक्टरांनी न्यूमोनियाची लस दिली आणि बजावलं, ताप आला तर घरी थांबायचं नाही, आणि मलेरियाच्या भागात जाणार असाल तर आधी विचारायचं. तेव्हा कळेना, पोटातल्या अवयवाचा मलेरियाशी काय संबंध? धागाकर्त्यांच्या आईंनी पहिल्या पोस्टमध्ये पानथरीचं नाव घेतलं तेव्हा ते आठवलं. कुणी सांगेल का?

---

स्लाईडवाली | रात्री ९:३०

भावाला जपा, आणि डॉक्टरांनी सांगितलंय ते अगदी बरोबर.

काल मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, पण हा सगळा खेळ प्रामुख्यानं प्लीहेतच चालतो. वाहत्या रक्तात तांबडी पेशी मॅक्रोफेजच्या हाताला लागेपर्यंत पुढे निघून जाते. प्लीहेत तिला थांबवतात. तिथं रक्ताला परत वाटेला लागायचं तर पेशींच्या भिंतीतल्या फटींतून जावं लागतं, आणि फट दीड-दोन मायक्रॉनची. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. लवचिक असेल तर ती अंग चोरून निसटते. ताठर झालेली अडकते, आणि शेजारी मॅक्रोफेज बसलेलीच आहे.

कधीकधी तर याहून नाजूक काम होतं. पेशी फटीतून पुढे जाते आणि परजीवी मागे काढून घेतला जातो. तासगावच्या द्राक्षातली बी काढून द्राक्ष परत घडाला लावावं तसं! आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध दिल्यावर मेलेली अंगठी अशी काढली जाते आणि तांबडी पेशी पुढे जगते, जरा अशक्त. प्लीहा नसलेल्या माणसाच्या पट्टीत म्हणूनच तांबड्या पेशींत केंद्रकाचे उरलेसुरले ठिपके दिसतात. काढायला कुणी नसतं. हायवे_टच, भावाच्या रिपोर्टात "हॉवेल-जॉली" असा शब्द असेल बघा.

फाल्सिपेरमला हे माहीत असल्यासारखं (तिखटजाळ, माफी!) तो मोठा झाला की आपली पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटवून टाकतो, प्लीहेकडे फिरकतच नाही. मेंदूचा मलेरिया होतो त्यामागं हे एक मोठं कारण. चिकटायला वापरलेल्या प्रथिनाची जनुकं त्याच्याकडे साठेक आहेत, एका वेळी एकच बाहेर काढतो. अँटीबॉडी पहिल्याला ओळखायला शिकते तोवर दुसरं.

---

हायवे_टच | रात्री ९:४६

रिपोर्ट काढून बघितला. आहे शब्द. पाच वर्षं कपाटात होता. आभारी आहे ताई.

---

उंडा_आणि_पारी | रात्री १०:०४

स्लाईडवाली, एक भर घालू? गेल्या काही वर्षांत उलटंच निघालंय. इंडोनेशियाच्या पापुआत, बहुतेक अपघातामुळे प्लीहा काढाव्या लागलेल्या लोकांच्या प्लीहा तपासल्या. २०२१ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. वरून धडधाकट माणसं, पण प्लीहेत जिवंत व्हायव्हॅक्स भरपूर, रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे जिथं खाटिकखाना म्हणतो तिथंच हे भाडेकरू. व्हायव्हॅक्सला कोवळ्या तांबड्या पेशी आवडतात, आणि त्या प्लीहेत सापडतात.

---

वाचनवेडा_वाईकर | मंगळवार, सकाळी ६:३५

एवढं झालं आणि या भक्षकपेशींचा शोध लावणाऱ्या मेचनिकॉव्हचं नाव नाही? १८८२, सिसिली बेटावरचं मेसिना. घरचे सर्कस बघायला गेलेले, हा एकटा सूक्ष्मदर्शकापाशी. समुद्रताऱ्याची अळी पारदर्शक असते, तिच्यात फिरत्या पेशी दिसत होत्या. त्याला वाटलं, या पेशी बाहेरून घुसलेल्याचा समाचार घेत असतील का? बागेतून गुलाबाचा काटा आणला, अळीच्या अंगात टोचला. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा. १९०८ मध्ये पाउल एर्लिकबरोबर नोबेल. दोघांच्या तंबूंचं भांडण होतं: मेचनिकॉव्हचा तंबू म्हणे पेशीच सगळं करतात, एर्लिकचा म्हणे रक्तातला द्रव. वर ताईंनी सांगितलेलं तोंडीलावणं म्हणजे या भांडणातली तडजोड, द्रवानं माखायचं आणि पेशीनं खायचं.

म्हातारपणी हाच गृहस्थ दही खा, दीर्घायुषी व्हा असं सांगत सुटला होता. आमची आजी बिननोबेल सांगायची.

---

भडंगवाला | सकाळी ७:०२

समुद्रतारा, गोचीड, उंट, दही. धागा आयर्विन पुलावरनं कुठं चाललाय?

---

हळदीचा_हिशोब (धागाकर्ता) | सकाळी ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवतोय, पानथरीचा भाग तिनं दोनदा वाचायला लावला, वर "मी म्हटलं नव्हतं?" हे ऐकावं लागलं.

पण मंडळी, माझा ठिपका राहिलाच की! तो चोर आहे की नाही?

---

स्लाईडवाली | रात्री १०:४५

नाही. आणि हो.

परजीवी हिमोग्लोबिन खातो, पण त्यातला लोहाचा भाग, हीम, त्याला विषारी. तो त्याचे स्फटिक करून ठेवतो. त्याला हिमोझॉइन म्हणतात, मलेरियाचं रंगद्रव्य. (क्लोरोक्विन हे औषध नेमकं हे स्फटिक होऊ देत नाही, मग तो स्वतःच्या विषानं मरतो.) तांबडी पेशी फुटते तेव्हा नवे परजीवी बाहेर पळतात आणि हा कचरा मागे टाकून जातात. पांढरी पेशी तो गिळते. कधी अख्खी संसर्ग झालेली पेशीच गिळते, तेव्हा बाकीचं पचतं, एवढं राहतं. तुम्ही पाहिलेला ठिपका दोन्हींपैकी काहीही असू शकतो, पट्टीवरून सांगता येत नाही. खाल्लेल्याची आठोळी म्हणा. पेशीला ते पचवता येत नाही, आणि फार झालं की ती सुस्तावते.

या ठिपक्याला इतिहासही आहे. परजीवीचा शोध लागायच्या आधीपासून डॉक्टर मलेरियानं मेलेल्यांच्या प्लीहेत हा काळा रंग बघत होते. १८८० मध्ये अल्जीरियात फ्रेंच डॉक्टर लाव्हेरां हाच रंग शोधत असताना त्याला परजीवी हलताना दिसला. आणि २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या जठराच्या भिंतीत ज्या पेशी वेगळ्या वाटल्या, त्या त्यांतल्या या काळ्या कणांमुळेच. तुमच्या शाळासोबत्यानं तुम्हाला पट्टीवरची सगळ्यात जुनी गोष्ट दाखवली.

---

हळदीचा_हिशोब (धागाकर्ता) | पुढचा सोमवार, रात्री ९:२०

मुलाची परत तपासणी होती. प्रायमाक्विन या मलेरियाच्या औषधाच्या चौदापैकी आठ गोळ्या झाल्यात, आधी जी६पीडी (या विकराची रक्तात कमतरता नाही ना) बघूनच सुरू केल्यात. आईनं हट्ट धरला, मलाही बघायचंय. तिला लॅबमध्ये नेलं. स्टुलावर बसवलं, चष्मा काढायला लावला. तिला बराच वेळ स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या.

मित्रानं पट्टी सरकवत सरकवत पाऊण तास घालवला. अंगठ्या एकही नाही. शेवटी एका मोनोसाइटमध्ये ठिपका सापडला. आधीच्यापेक्षा लहान. आईनं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"एवढंसं?"

मग परत डोळा लावला आणि सोडेचना. बाहेर चार माणसं थांबली होती.

---

भडंगवाला | रात्री ९:२४

आजींना आमचा नमस्कार सांगा.